वडिलांच्या दोन बंदुका: विकून मोकळं व्हावं की वारसा म्हणून ठेवाव्यात?

डिचोलीचा मास्तर

बाबा गेले त्याला येत्या चतुर्थीला वर्ष होईल. मागे दोन बंदुका राहिल्या. एक आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेली बेल्जियन दुनळी, १२ बोअर (हे नळीचं माप). नळ्या उघडून खालून पाहिलं की लंबगोलात 'ईएलजी' ही अक्षरं नि तारा दिसतो, म्हणजे बेल्जियममधल्या लिएज शहराची मोहर. दुसरी इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल, बाबांनी स्वतः घेतलेली. तिसरीही होती, ठासणीची. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं झालं, तेव्हा बाबांनी ती ठाण्यात जमा केली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

बाबांच्या मागे पंधरा दिवसांत दोन्ही बंदुका आणि उरलेली काडतुसं परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवली, पावती माझ्याकडे आहे. धाकटा भाऊ पुण्याहून फोन करून सांगतो, "दादा, वारस म्हणून परवाना करून घे, घराण्याची वस्तू आहे." माझं मत उलट आहे. गेल्या पंधरा वर्षांत या बंदुकांनी एकच प्रवास केला. निवडणूक लागली की घरातून ठाण्यात, निकाल लागला की ठाण्यातून घरात. रानात त्यांचा बार ऐकल्याचं मला आठवतं ते मी आठवीत असतानाचं. खंडेनवमीला झेंडूची माळ घालण्यापुरती वस्तू, तिच्यासाठी कुलपाचं कपाट, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याचे हेलपाटे. माळ कोयत्यालाही घालता येते.

तुम्ही काय कराल?

नेमबाज फोंडा

मास्तर, घाई करताय. ऐंशीच्या दशकात सरकारनं खाजगी माणसांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद केली. म्हणजे देशात जी बेल्जियन, इंग्लिश दुनळी आहे तेवढीच आहे, नवी येणार नाही. आज विक्रेता तुम्हाला "जुनी आहे हो, कोण घेतंय" असं सांगून पडत्या भावात घेईल आणि सहा महिन्यांनी तीच काचेच्या कपाटात वेगळ्या किमतीला दिसेल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, माझ्याच काकांच्या बाबतीत.

रायफल खुशाल द्या. दुनळी ठेवा. आणि वापर नाही म्हणता, तर नेमबाजी शिका की! मातीच्या तबकड्या उडवायला १२ बोअरच लागते.

डिचोलीचा मास्तर

साठी ओलांडली हो माझी. तबकड्या उडवायच्या वयात खडू उडवले.

खाकी उतरवलेला

आधी कायदा नीट समजून घ्या, भावना नंतर.

मास्तरांनी एक गोष्ट उत्तम केली, वेळेत जमा केलं. लोक हेच करत नाहीत. बाप गेला की बंदूक माळ्यावर तशीच पडून राहते, "परवाना आहे ना घरात" म्हणतात. परवाना माणसाचा असतो, घराचा नव्हे. माणूस गेला की ती बंदूक विनापरवाना. २०१९ नंतर त्याला कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. माझ्या नोकरीत दहा दहा वर्षं तांदळाच्या पिंपामागे ठेवलेल्या बंदुका निघाल्या आहेत, आणि घरची माणसं सरळमार्गी, भजनाला जाणारी.

आता विकायचं म्हणाल तर दोन रस्ते. विक्रेत्याला द्या, हा सोपा. किंवा ज्याच्याकडे परवाना आहे अशा माणसाला थेट द्या. पण त्यासाठी घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. तुमची हत्यारं आता जमा आहेत, त्यामुळे विक्रेत्यामार्फतच कागद हलवा. जमा केलेली बंदूक तुमचीच असते. मुदतीत विकायचा किंवा परवाना काढून परत घ्यायचा हक्क वारसाला असतो. मुदत मात्र बघा. नाहीतर दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात, आणि मग घराण्याची वस्तू गोदामात.

जुनं ते जतन

ही चर्चा वाचून पोटात कालवलं. बंदूक म्हणजे नुसतं मारायचं यंत्र नाही. गोव्याचं आणि बंदुकीचं नातं पाचशे वर्षांचं आहे. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर तोड्याच्या (जळत्या वातीनं उडणाऱ्या) बंदुका पोचल्या, त्या गोवा-मलाक्का या पट्ट्यात घडलेल्या होत्या असं बरेच अभ्यासक मानतात. 'काडतूस' हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगीज 'कार्तुशु'वरून आलाय. सत्तरी तालुक्यात राणे घराण्यानं १८५२ ला दीपाजी राण्यांच्या मागे पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलं ते काय काठ्या घेऊन? आजोबांनी त्या अमदानीत घेतलेली दुनळी हा दस्तऐवज आहे. पुरातन म्हणून ठेवता येते का पाहा, पुरातन शस्त्रांना परवाना लागत नाही.

खाकी उतरवलेला

@जुनं ते जतन, अर्धवट माहिती देऊन मास्तरांना आत घालवाल. सूट आहे ती शस्त्र कायद्याच्या कलम ४५ खाली, आणि ती अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला जे दुरुस्त करूनही उडणार नाही. तोड्याची गंजलेली नळी भिंतीवर लावलीत तर गोष्ट वेगळी. मास्तरांच्या दुनळीत आज खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान काडतूस घातलं तर ती उडेल. कितीही म्हातारी असली तरी ती बंदूकच.

जुनं ते जतन

मग निकामी करून ठेवा.

नेमबाज फोंडा

निकामी करणं म्हणजे नळीला भोक, घोड्याची टाच कापायची. त्यापेक्षा विकलेली बरी. निदान कोणाच्या तरी हातात धडपणी राहील.

कुळागरवाला, सत्तरी

तुम्ही सगळे शहरात बसून मोहरा नि तारे मोजताय. वाळपईच्या वर या एकदा. रात्रीतून रानडुकरं सुरणाचा वाफा उकरून टाकतात, माकडं शहाळी पाडतात ती खातही नाहीत, नुसती टाकतात. गवे तर आता अंगणापर्यंत येतात. माझ्याकडे पीकसंरक्षणाची एकनळी आहे. ती माझ्यासाठी शोभेची नाही, राखणदार आहे.

आणि तीच नेमकी हंगामात नसते! २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्याला लागली, ती उठली जूनमध्ये. म्हणजे काजूचा अख्खा हंगाम बंदूक ठाण्यात. काजू संपला, बंदूक परत आली. परत आली तेव्हा घोड्याला गंज, दस्त्यावर ओरखडा, आणि कोणाला विचारायची सोय नाही.

मास्तर, तुम्हाला नको तर विका, पण "वस्तू कशाला" असं सरसकट म्हणू नका.

म्हादईकाठ

दादा, पीकसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगायचा असतो, जनावर मारायचा नसतो. १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा आहे. रानडुकरावर गोळी घालायची तर वनखात्याची परवानगी लागते, आणि गवा तर राज्यप्राणी. मग त्या बंदुकीनं तुम्ही करता काय? हवेत बार. ते फटाक्यानंही होतं. मास्तरांचंच बरोबर आहे. घरातून जेवढ्या बंदुका कमी होतील तेवढं रान निवांत झोपेल.

कुळागरवाला, सत्तरी

फटाक्याला डुक्कर तिसऱ्या रात्री सोकावतं, करून बघा. आणि रानाचं म्हणाल, तर जानेवारी २०२० ला आमच्या सत्तरीतल्या गोळावलीत वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेली ती विषानं. विषाला परवाना लागत नाही, त्याची कुठं नोंद नसते. माझ्या बंदुकीची नोंद आहे, नंबर आहे, काडतुसांचा हिशेब आहे. जमा करायची असते तेव्हा मी पहिला जाऊन जमा करतो. ज्याची नोंद आहे त्यालाच सगळे धरतात.

खाकी उतरवलेला

कुळागरवाल्यांचं दुखणं खरं आहे. खरं तर निवडणुकीत सगळ्यांच्याच बंदुका काढून घ्याव्यात असा नियम नाही. छाननी समिती असते, तिनं प्रत्येक परवाना पाहून ठरवायचं असतं. उच्च न्यायालयानंही गोव्यातल्याच एका प्रकरणात सरसकट जमा करण्यावर बोट ठेवलं होतं. आचारसंहिता लागण्याआधी सूट मागणारा अर्ज द्या, पोच घ्या. मिळेलच असं नाही, पण अर्ज नसेल तर नक्की मिळणार नाही. ठाण्यात शेदीडशे बंदुका एका खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या मी स्वतः पाहिल्यात. तेल कोण घालणार?

पेडण्याची

इतका वेळ वाचत होते. कोणी बाईमाणसाला विचारलंय का?

माझ्या सासऱ्यांकडे दुनळी होती. घरात भांडण झालं की कोणाचाच आवाज चढायचा नाही. सगळे म्हणायचे, किती शांत घर. शांतता कशाची होती ते मला ठाऊक आहे. त्यांनी कधी बंदुकीला हात लावला नाही हो, फक्त त्या खोलीकडे बघायचे. ते गेल्यावर सासूबाईंनी चौदाव्या दिवशी माझ्या नवऱ्याला ठाण्यात पाठवलं, बंदूक देऊन ये म्हणून. किंमतबिंमत काही विचारली नाही.

आणि मास्तर, भाऊ काय म्हणतो ते लिहिलंत. तुम्हाला बहीण नाही का?

डिचोलीचा मास्तर

आहे. सत्तरीतच दिलीय, होंड्याच्या पुढं. काजूची बाग आहे त्यांची.

पेडण्याची

मग तिला विचारलंत?

खाकी उतरवलेला

बाईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारस म्हणजे फक्त मुलगा नाही. पत्नी, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण, नातवंडं, सगळे बसतात. आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. तुम्ही विका नाहीतर भाऊ परवाना काढो, बहिणीच्या सहीशिवाय कागद पुढं सरकणार नाही. (शिवाय हयातीतही देता आली असती. परवानाधारकानं वयाची सत्तर वर्षं गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं की वारसाकडे सोपवता येतं. बाबांच्या वेळीच हे झालं असतं तर विक्रेत्याचं भाडं वाचलं असतं. पण असो.)

कुळागरवाला, सत्तरी

होंड्याच्या पुढं काजू म्हणजे डुकरं असणारच. मी काय म्हणत होतो?

डिचोलीचा मास्तर

कालच रात्री तिला फोन केला. पहिली दहा मिनिटं नुसत्या शिव्या खाल्ल्या. "वर्षभर तुम्ही दोघे भाऊ आपसात बोलताय, मी काय परक्याची?" मग म्हणाली, रायफलीशी तिला घेणंदेणं नाही, ती विकून तिघांत वाटा. दुनळी विकायला मात्र तिची सही मिळणार नाही. बाबांबरोबर मचाणावर बसायला लहानपणी तीच जायची, आम्ही दोघे पांघरुणात. हे मी साफ विसरलो होतो. काडतूस भरायला तिला अजून येतं म्हणते.

परवाना ती स्वतःच्या नावानं मागणार आहे. सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागेल हे सांगितलं तर म्हणाली, "घेईन, तू काळजी करू नको." भाऊ खूश आहे. मी नाही, खरं सांगतो. पेडण्याच्या बाईंचं वाचल्यापासून तर नाहीच. भाच्याचा स्वभाव तापट आहे, ते तिला फोनवर बोलता आलं नाही. रविवारी कागद घेऊन येतेय, तेव्हा समोरासमोर बोलेन.

सगळ्यांना देव बरें करूं.

पेडण्याची

बोला. आणि कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार, ते आधी विचारा.