पदवीऐवजी व्यवसाय प्रशिक्षण: पालकांच्या गळी कसं उतरवायचं?

दिशादर्शक
शाळेच्या शेवटच्या वर्षातली ४० मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासाठी व्यवसाय शिक्षणावर अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आखतोय. भाषण, मग चित्रफीत, असा नेहमीचा बेत. त्यानंतर पालकांचं ठरलेलं उत्तर येतं, "आधी पदवी होऊ दे, मग बघू." मुलं तर मोबाइलमध्येच असतात. भाषणाऐवजी काय ठेवावं? आणि पालकांना असं काय सांगावं, ज्यात फसवाफसवी नसेल?

गुण्या
भाषण काढूनच टाका. चार टेबलं, दहा-दहा मुलं, प्रत्येक टेबलावर ३० मिनिटं.

कानशीचं टेबल हवंच. १२ मिमी जाड माइल्ड स्टीलचे (साध्या, मऊसर पोलादाचे) तुकडे, पाच व्हाइस (तुकडा घट्ट धरणारे शिकंजे), एका व्हाइसवर दोघं: एकाने घासायचं, दुसऱ्याने तपासायचं. जबड्याची वरची कड कोपराच्या उंचीला आली पाहिजे. काम एकच, कड सपाट आणि काटकोनात आणायची. नवशिक्याच्या हातात कानस झोके खाते, मग कडा जास्त घासल्या जातात आणि मध्ये पोट राहतं. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून तुकडा उजेडाकडे धरला की पात्याखाली दोन्ही बाजूंना फट दिसते. ती दिसल्यावरच सांगा: सुरुवातीला टोकाकडच्या हाताचा जोर, पुढे ढकलताना तो हळूहळू मुठीच्या हातावर आणायचा. मागे येताना जोर नाही, दाते पुढे जातानाच कापतात. मूठ नसलेली कानस मुलांच्या हाती देऊ नका, तिची टोकदार शेपटी तळहातात घुसते.

दुसरं, जिन्याच्या दिव्याची जोडणी: एकच दिवा वरून आणि खालून, दोन्हीकडून लावता-घालवता येतो ती. १२ व्होल्टची बॅटरी, २ अँपिअरचा फ्यूज, दोन टू-वे स्विच, एक दिवा. हमखास होणारी चूक म्हणजे एका स्विचचं कॉमन टर्मिनल (जे आळीपाळीने बाजूच्या दोन टर्मिनलांना जोडलं जातं) आणि बाजूचं टर्मिनल यांची अदलाबदल. मग तो स्विच एका बाजूला असला तरच दुसऱ्याने दिवा लागतो, एरवी सगळं मेलेलं. चूक सांगू नका. बॅटरी काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार कुठे जोडलेली आहे ते दाखवणाऱ्या खुणेवर) लावून द्या आणि शोधू द्या.

बाकी दोन टेबलं तुमच्याकडे जे कारागीर येतील त्यांच्यावर सोडा.

त्रिज्या
"अभ्यासात कच्चा आहे ना, मग हाताचं काम शीक" हे व्यासपीठावरून एकदा जरी गेलं, तरी कार्यक्रम बुडालाच समजा. शिवाय ते खोटंही आहे. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्रावर, टेपर (एका टोकाकडे निमुळता होणारा आकार) कापायचाय: मोठा व्यास ४०, लहान ३०, लांबी ५० मिमी. कंपाउंड स्लाइड, म्हणजे कापणारं हत्यार तिरकं सरकवणारा भाग, किती फिरवायची? व्यासांतल्या फरकाला लांबीच्या दुपटीने भागायचं, ०.१ आलं. ज्याचा टॅन ०.१ तो कोन, साधारण ५ अंश ४३ मिनिटं. ती दुप्पट विसरली की कोन ११ अंशांच्या वर जातो आणि जॉब भंगारात. हे गणित फळ्यावर पालकांसमोरच मांडा.

साक्षेपी
पालकांची खरी भीती पुढचा रस्ता बंद होण्याची असते, त्यामुळे तिथूनच बोला. जर्मनीत दुहेरी पद्धत आहे. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, उरलेले व्यवसाय शाळेत. परीक्षा उद्योग किंवा कारागिरांच्या मंडळाकडे. १९६९ च्या कायद्याने त्याला चौकट मिळाली. तिथे 'माइस्टर' (उस्ताद कारागीर) ही पात्रता शैक्षणिक पात्रतांच्या राष्ट्रीय चौकटीत पदवीच्याच, म्हणजे सहाव्या पातळीवर धरतात. स्वित्झर्लंडमध्ये प्रशिक्षणासोबत किंवा नंतर व्यावसायिक मॅट्रिक (उच्च शिक्षणाची वाट उघडणारी पात्रता) करून उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठात जाता येतं. जिथे असा पुढे चढायचा रस्ता नाही, तिथे नाही म्हणून सांगा.

दुसरी बाजूही लपवू नका. हानुशेक, वोसमन आदी अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये अनेक देशांची आकडेवारी मांडली: व्यवसाय शिक्षणामुळे नोकरीत लवकर शिरकाव होतो, पण वय वाढतं तसा तो फायदा ओसरू शकतो, कारण तंत्र बदलतं. म्हणून एकाच यंत्रापुरता अभ्यासक्रम टाळावा. रेखाचित्र वाचन, मोजमाप आणि विद्युत मूलतत्त्वं त्यात हवीतच. आणि डॉक्टर व्हायचं असेल तर पदवीला पर्याय नाही, हेही बोलून टाका.

संस्था बघायला गेल्यावर इमारत नंतर बघा. चालू स्थितीतली यंत्रं मोजा. एका लेथवर सहा मुलं आणि प्रात्यक्षिक तीन तास, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास. वेल्डिंगच्या शेडमध्ये भंगाराचा डबा रिकामा असेल तर तिथे कुणी वेल्डिंग करत नाही.

दिशादर्शक
भंगाराच्या डब्याचं आवडलं! एक शंका: माइल्ड स्टील घासताना कानस लवकर भरते म्हणतात. ४० मुलांत दर वेळी साफ कोण करणार?

गुण्या
मुलंच करतील. आधी कानशीवर खडू फिरवून घ्या, म्हणजे कीस दातांत कमी अडकतो. अडकलाच तर तारेच्या ब्रशने, दातांच्या दिशेने. व्हाइसवर आपटून झाडू देऊ नका. कानस कडक असली तरी ठिसूळ असते.