जुनी किकवाली स्प्लेंडर: नवी बॅटरीही उतरते, आरआर बदलावं का?

किकवाला_सातारा
१९९९ ची स्प्लेंडर, १२ व्होल्ट २.५ एएचची बॅटरी. आठवडाभरात हॉर्न घोगरा होतो, इंडिकेटर पेटतो पण टिकटिकत नाही. हेडलाइट ठीक, गाडी पहिल्या किकला चालू. नवी बॅटरी टाकूनही तेच. गॅरेजवाले म्हणतात आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलच्या एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) आणि मॅग्नेटची (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या भागाची) कॉइल, दोन्ही बदला. घरी मल्टीमीटर आहे. आधी काय तपासू?

अर्थिंग_तपासा
अजून काही विकत घेऊ नका. पहिल्या किकला चालू होते आणि हेडलाइट लागतो, यावरून चार्जिंगचं काहीच कळत नाही. सीडीआयला (प्लगला स्पार्क देणाऱ्या युनिटला) मॅग्नेटमध्ये वेगळी कॉइल आहे आणि हेडलाइट थेट एसीवर चालतो. बॅटरीवर फक्त हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि न्यूट्रलचा दिवा.

आरआरच्या सॉकेटात चार वायरी: पांढरी चार्जिंग कॉइलची, पिवळी हेडलाइटची, हिरवी अर्थ, लाल बॅटरीकडे जाणारी.

आधी बॅटरी काढून ०.२५ अँपिअरने दहा-बारा तास चार्ज करा. कारच्या चार्जरला लावू नका, एवढ्याशा बॅटरीच्या प्लेटा वाकतात. झाकणं उघडी ठेवा आणि पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नाही. चार्जरवरून काढून तीन-चार तासांनी १२.६ च्या वर दिसायला हवं. मग हॉर्न दाबून बघा. व्होल्टेज साडेदहाच्या खाली कोसळलं तर नव्या बॅटरीतही सेल गेलेला आहे. दुकानात ॲसिड भरून पहिलं चार्जिंग न करताच हातात देतात, त्याने नवी बॅटरीही लवकर बसते.

बॅटरी लावून गाडी चालू करा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर डीसी मोजा. आयडलला थोडंच वाढेल. चांगली रेस दिली की १३.५ ते १४.५ हवं. १५ च्या वर गेलं तर आरआर खराब, त्यात बॅटरीचं पाणी उकळून जातं.

वाढलंच नाही तर गाडी बंद करून आरआरचं सॉकेट काढा आणि पांढरी वायर ते इंजिनची बॉडी ओहम बघा. एक ओहमच्या आसपास येईल. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो आधी वजा करा, नाहीतर एवढ्या छोट्या मापात फसाल. इथे बरेच जण गडबडतात: पांढरी वायर अर्थला लागलेली दिसली म्हणून कॉइल शॉर्ट ठरवतात. या कॉइलचं एक टोक मुळातच अर्थ असतं. अर्थ दिसायला नको हा नियम तीन पिवळ्या वायरींच्या थ्री-फेज गाड्यांचा.

पाना_१०_१२
वरच्यात एक भर. गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि ‘बंद नाही पडली म्हणजे चार्जिंग आहे’ म्हणायचं, ही जुनी सवय सोडा. ही गाडी बॅटरीशिवाय तशीही चालतेच. वर बॅटरीचा आधार सुटल्याने व्होल्टेज उसळतं, त्यात बल्ब किंवा आरआर जाऊ शकतो.

किकवाला_सातारा
तपासलं. चार्ज करून ठेवल्यावर १२.७, हॉर्न दाबला की ११.८. रेस दिली तरी १२.६, हलत नाही. पांढरी वायर ०.७ ओहम. सॉकेट काढून पांढऱ्या वायरला एसी लावला, रेसबरोबर ३० च्या पुढे जातो. लाल वायरला १२.६ येतंय. म्हणजे आरआरच ना?

अर्थिंग_तपासा
बॅटरी आणि कॉइल दोन्ही ठीक आहेत. आरआर मात्र अजून ठरला नाही. लाल वायरला १२.६ येतंय ते बिनलोडचं. मीटर करंट ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जॉइंटमधूनही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्याच लाल वायरला आणि बॉडीला इंडिकेटरचा १० वॉटचा बल्ब लावा. मंद पेटला तर वाट अडलेली आहे.

मग सॉकेट परत लावून पिना मागच्या बाजूने लाल वायरला टेकवा आणि रेस द्या. तिथे १४-१५ आणि बॅटरीवर १२.६ असेल तर आरआर चांगला आहे, माल मधेच अडतोय. दोन्हीकडे १२.६ असेल तर हिरव्या वायरीचा अर्थ बघून मग आरआर बदला.

अडण्याची नेहमीची जागा म्हणजे काचेच्या फ्यूजचा होल्डर. आतल्या पितळी टोप्यांवर हिरवट थर चढतो, फ्यूज शाबूत दिसतो आणि करंट जात नाही. पॉलिश पेपरने घासून भागत नाही, नवा होल्डर सोल्डर करून टाका. फ्यूज होता त्याच अँपिअरचा, वर्ख गुंडाळायचा नाही. बॅटरीचे टर्मिनल घासून, घट्ट करून वरून पेट्रोलियम जेली लावा.

गाडी उभी असतानाही उतरत असेल तर चावी बंद करून निगेटिव्ह वायर आणि बॅटरीच्या मध्ये मीटर मिलिअँपिअरवर लावा. यात घड्याळ नाही, काही नाही, म्हणून जवळपास शून्य यायला हवं. करंट दिसत असेल आणि आरआरचं सॉकेट काढल्यावर जात असेल, तर आरआरमधला डायोड गळतोय. मीटर असा लावलेला असताना हॉर्न दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

पाना_१०_१२
एलईडी फॉग किंवा मोबाइल चार्जर जोडला असेल तर तो आधी काढा. या कॉइलची अर्धीच लाट बॅटरीला मिळते, जादा लोडला तेवढं पुरत नाही. डीसी हेडलाइट हवाच असेल तर कॉइलचं अर्थ टोक सोडवून फुल-वेव्ह (पूर्ण लाट वापरणारा) आरआर बसवावा लागतो. नुसता आरआर बदलून ते होत नाही.