प्रोसिडिंग बुक (बैठकीच्या इतिवृत्ताची वही) घरोघरी फिरतं, बैठक मात्र होत नाही. काय करावं?

सोलापूरची सचिव:
नमस्कार. आमचा लहान न्यास आहे. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांच्या ४५ मुलींसाठी अभ्यासिका चालवतो. कार्यालय अशोक चौकात, दोन मजली जागा स्वतःची.

घटनेप्रमाणे ११ विश्वस्त. त्यातले दोघे वारले, तरी परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीत, त्यांची नावं तशीच आहेत. एक मुलाकडे पुण्याला असतात. बाकीचे एकमेकांना भेटतात ते लग्नकार्यात, नाहीतर संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत. बैठक दर तीन महिन्यांनी कागदावर होते. शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन होटगी रोडपासून पार बाळे भागापर्यंत गाडीवर फिरतो आणि सह्या घेऊन येतो. पहिलं वर्षभर मीही ते चालू दिलं, याचं मला वाईट वाटतं.

मार्चमध्ये एका कंपनीनं सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीतून) मदत देऊ केली आणि विश्वस्तांची अद्ययावत यादी मागितली. आमच्याकडे नव्हती, मदत गेली. त्याच महिन्यात वही आली, तर आत ठराव लिहिलेला: तळमजल्याचा हॉल एका विश्वस्तांच्या जावयाला ५ वर्षं भाड्यानं द्यायचा. सात सह्या आधीच झालेल्या. मी केली नाही.

अध्यक्ष माझ्या वडिलांच्या वयाचे. पूर्व भागात दारोदार फिरून, पाच-पाच रुपये गोळा करून त्यांनी ही संस्था उभी केली. ते म्हणाले, "पोरी, आपण सगळी घरचीच माणसं. एवढे कागद कशाला?" त्यांना दुखवावं असं मला वाटत नाही. पण मंडळ खरोखर काम करतंय असं कधी म्हणायचं? आणि आहे त्याच माणसांतून ते घडवता येतं का?

ताळेबंद:
ताई, सही केली नाहीत हे फार बरं केलंत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्यात विश्वस्ताच्या नातेवाइकाला कमी भाड्यानं जागा गेली तर आयकराची सवलतही धोक्यात येते. ज्यांचा संबंध आहे त्यांनी तसं सांगावं, त्या विषयापुरतं उठून बाहेर जावं, आणि तेही इतिवृत्तात लिहावं.

मयत विश्वस्तांसाठी कलम २२ चा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्तांतला बदल कळवणारा अर्ज, धर्मादाय कार्यालयात द्या. मुदत ९० दिवसांची असते. ती उलटली असेल तर उशिराचं कारण देऊन विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा, मृत्यूचे दाखलेही. आणि न झालेल्या बैठकीचं इतिवृत्त लिहिणं आजपासून बंद करा. उद्या चौकशी लागली तर ज्याची सही, त्याची जबाबदारी. "मी हजरच नव्हतो" म्हणायची सोय राहत नाही.

निवृत्त मुख्याध्यापिका, बार्शी:
कायद्याचं वरच्यांनी सांगितलंच. मी माणसांचं सांगते. आमच्या संस्थेत पत्रिकेवर १४ विषय असायचे आणि पुढे १४ वेळा "सर्वानुमते मंजूर". खडू कुठून आणायचे यावर पाऊण तास, बांधकामाचं बिल मात्र चहा येईपर्यंत पास. मी दोन गोष्टी बदलल्या. विषय पाचच ठेवले, आणि सुरुवातीला बँकेचं पासबुक मोठ्यानं वाचायचं. तिसऱ्या बैठकीत एक शेतकरी सदस्य म्हणाले, "हे ६२ हजार कशाचे?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्या दिवशी आमचं मंडळ जन्माला आलं असं मी आजही मानते. चोरी झाली नव्हती, पण विचारणारं कुणीतरी आहे हे सगळ्यांना कळलं.

रोजचा कारभार शिक्षिकांवर सोपवा. मंडळानं पैसा, जागा, माणसांची नेमणूक आणि काम योग्य दिशेनं चाललंय का, एवढंच बघावं. विरोध झाला तर विरोध म्हणून नोंदवा. बैठक कार्यालयात घेऊ नका, कुंभारीत मुलींच्या शेजारी घ्या. आणि एका मुलीच्या आईला मंडळात घ्या.

पंढरपूरकर:
बाईंचं पटतं, पण एकच आई घेऊ नका, दोन घ्या. एकटी बाई अकरा जणांत तोंड उघडत नाही, हे मी बघितलंय. तुमच्याकडच्या बऱ्याच जणी घरी तेलुगू बोलतात, तर विषय तेलुगूतही समजावून सांगा. विड्या कारखान्यात देऊन यायची वेळ टाळा, नाहीतर तिची मजुरी बुडते.

अध्यक्षांकडे मात्र नियमांचं पुस्तक घेऊन जाऊ नका. आधी एकट्या जा, त्यांनी पैसे कसे जमवले ते ऐकून घ्या. पाच रुपये देणाऱ्याला त्यांनी काय शब्द दिला होता, ते विचारा.

सोलापूरची सचिव:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी अध्यक्षांकडे गेले होते. त्यांनी कपाटातून जुनी पावती पुस्तकं काढली. दोन तास बोलत होते. मग स्वतःहून म्हणाले, कुंभारीला चल. चार वर्षांनी ते तिथे आले. मुलींना विचारलं, पंखा कधीपासून बंद आहे? उत्तर आलं, मेपासून. परतताना गाडीत ते गप्प होते.

बैठक २१ तारखेला अभ्यासिकेतच ठेवली आहे, दुपारी ४ वाजता. मी सोडून आठ जणांना लेखी सूचना गेली, सहा जण येतो म्हणाले. घटनेत गणपूर्ती (कोरम) पाचची आहे. हॉलचा विषय पत्रिकेवर तिसरा. ज्यांचे जावई आहेत ते फोनवर रागावले, येणार की नाही ते सांगितलं नाही.

एक अडचण राहिली. आमच्या घटनेत विश्वस्त फक्त देणगीदार सभासदांतूनच घेता येतो. दोन आयांना कसं आणायचं?

ताळेबंद:
घटना दुरुस्त करावी लागेल, त्याला वेळ लागतो. तोवर त्यांना निमंत्रित म्हणून बसवा. मत देता येणार नाही, पण बोलता येईल. त्या जे बोलतील ते इतिवृत्तात लिहा. आणि २१ तारखेला वहीवर सह्या तिथेच, बैठकीतच घ्या.