मदत हवी आहे: दोन काठ्या शेजारी आल्या की सेन्सर गोंधळतो

वटवाघळासारखी आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणारी काठी बनवतोय, दृष्टिहीन मामांसाठी. आर्डुइनो नॅनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) आणि दोन एचसी-एसआर०४ सेन्सर (कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे): एक गुडघ्याच्या उंचीवर, एक छातीच्या. अडथळा जवळ आला की मुठीतली मोटर थरथरते.

एकटी काठी छान चालते. पण मामांच्या मित्रासाठी दुसरी केली आणि चाळीच्या गॅलरीत दोघे बरोबर निघाले, की रिकाम्या जागीही मोटर थरथरते. उघड आहे, दोन्ही ४० किलोहर्ट्झवरच बोलतात, एकीचा आवाज दुसरी स्वतःचा प्रतिध्वनी समजते. शेकडो वटवाघळं एका गुहेत कशी निभावतात कोण जाणे!

करून पाहिलेलं: एकाच काठीवरच्या दोन सेन्सरांमध्ये ६० मिलिसेकंदांचं अंतर, पाच मापांतलं मधलं घेणं, तापमानानुसार ध्वनिवेगाची दुरुस्ती. सप्लाय तपासलाय, वायरिंगही. (वाळत घातलेल्या साड्या नीट दिसत नाहीत ते वेगळंच, कापड आवाज शोषतं. ते नंतर बघू.)

अनेक वटवाघळं उंच स्वरावरून खालच्या स्वराकडे घसरत जाणारी हाक देतात. तसं करावं म्हटलं, तर हा सेन्सर ४० किलोहर्ट्झच्या आसपासच नीट वाजतो. कॅमेरा किंवा लिडार (लेसरने अंतर मोजणारा सेन्सर) नको, एका काठीचं बजेट १५०० रुपये, वस्तू मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणारी हवी.

तर दर वेळी सेन्सरच्या दोन हाकांमधला वेळ यादृच्छिक ठेवून, लागोपाठच्या मापांत न जुळणारे प्रतिध्वनी टाकून दिले, तर चालत्या माणसासाठी तेवढं पुरेल का? की रुंद पट्ट्याचा ट्रान्सड्यूसरच (एकाच नव्हे, अनेक वारंवारतांवर आवाज सोडणारा-ऐकणारा भाग) लागेल, आणि तो या पैशात कुणाला मिळालाय का?