क्योतोमध्ये आईसाठी शाकाहारी जपानी जेवण कुठे मिळेल?

प्रश्न

येत्या वसंत ऋतूत मी आईला घेऊन क्योतोला जाणार आहे. आई मांस, मासे, अंडी, कांदा आणि लसूण यांपैकी काहीच खात नाही. तरीही त्या शहरात रोज भारतीय उपाहारगृह शोधत फिरणे तिला मान्य नाही. निदान एक जेवण तरी अस्सल जपानी असावे, ही तिचीच इच्छा आहे. आराशियामाचे बांबूचे बन पाहायला जाऊ त्या दिवशी अशी सोय होऊ शकेल का? गुडघेदुखीमुळे तिला खाली फार वेळ बसता येत नाही, हेही लक्षात घ्यावे लागेल.

पहिले उत्तर

नक्की होऊ शकेल. बांबूच्या बनाला लागूनच तेनर्यू-जी हे १३३९ साली स्थापन झालेले झेन मंदिर असून त्याच्या आवारात 'शिगेत्सु' नावाचे मंदिराचे स्वतःचे भोजनगृह आहे. तिथे शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठांत घडत गेलेले जेवण, वाढले जाते. या परंपरेत मांस, मासे आणि अंडी तर नसतातच, शिवाय कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या इतर उग्र भाज्याही वर्ज्य मानल्या जातात. त्यामुळे तुमच्या आईंसाठी कोणाला काही वगळायला सांगावे लागत नाही. त्यांचे जे पथ्य आहे, तोच त्या स्वयंपाकघराचा नियम आहे. माझ्या मते याहून मोठी निश्चिंती दुसरी नाही.

मंदिराचे जेवण का निवडावे, याचे खरे कारण मात्र 'दाशी' या पाण्यात आहे. जपानी स्वयंपाकातील सूप, रस्से, भाज्या आणि सॉस यांचा पाया म्हणजे हे दाशी, आणि ते बहुतेक ठिकाणी कोंबू हे समुद्री शेवाळ व कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे, यांपासून काढतात. ताटात मासा कुठेच दिसत नाही, पण चव त्याचीच असते. मठातील स्वयंपाकी त्याऐवजी कोंबू आणि वाळवलेले शिताके अळिंबे भिजवून दाशी करतात. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये कोंबूच्या चवीचे मूळ ग्लुटामेटमध्ये असल्याचे दाखवले आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. शिताकेतील ग्वानिलेट हा चव वाढवणारा घटक त्याच्या जोडीला आला की ती चव कितीतरी वाढते. म्हणूनच मासा नसला तरी हे जेवण मिळमिळीत लागत नाही.

तीळ आणि कुझूच्या कंदाचे सत्त्व घोटून केलेला गोमा-दोफू, सोयाबीनच्या दुधावरची साय म्हणजे युबा, आणि गव्हातील ग्लुटेन या चिवट प्रथिनापासून केलेला फू हे या परंपरेतील खास पदार्थ आहेत. गोमा-दोफू आईंना अवश्य चाखायला सांगा. जेवण फक्त दुपारी मिळते आणि बागेचे प्रवेशशुल्क वेगळे द्यावे लागते. आगाऊ नोंदणी करा आणि खुर्चीची व्यवस्था होईल का, हे त्याच वेळी विचारून घ्या, कारण तातामी या जमिनीवरच्या चटयांवर बसून जेवणे ही तिथली मूळ पद्धत आहे.

दुसरे उत्तर

इतर दिवसांसाठी थोडी सावधगिरी सांगते. नान्झेन-जी मंदिराच्या परिसरात युदोफू, म्हणजे कोंबूच्या पाण्यात उकळलेला टोफू, प्रसिद्ध आहे. पण तो ज्या सॉसमध्ये बुडवून खातात त्यात अनेकदा बोनिटोचे दाशी असते. मिसो सूप आणि सोबा नूडल्सच्या सॉसचीही तीच गोष्ट आहे. भाज्यांच्या तेम्पुराच्या पिठात अंडे असू शकते आणि त्याच तेलात कोळंबीही तळली जाते. 'यात मांस आहे का' एवढेच विचारले, तर समोरची व्यक्ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल आणि दाशीचा उल्लेखही होणार नाही. त्याऐवजी 'कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमासु का', म्हणजे यात बोनिटोचे दाशी आहे का, असे विचारा. शक्यतो हे वाक्य जपानी लिपीत लिहून दाखवा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आमच्याबरोबर येणाऱ्या मावशी जैन असून कंदमुळे खात नाहीत आणि स्वयंपाकात मद्य वापरलेलेही त्यांना चालत नाही. शोजिन जेवण त्यांना चालेल का?

पहिले उत्तर देणारे

न विचारता ते चालेल, असे समजू नका. दाइकोन मुळा, गाजर, गोबो हे लांबट मूळ आणि कमळकाकडी यांना या जेवणात मानाचे स्थान आहे, कोन्याकू हा जेलीसारखा पदार्थही कंदापासूनच होतो, आणि वर सांगितलेल्या गोमा-दोफूतील कुझूही कंदच आहे. मसाल्यात मिरिन किंवा साके ही तांदळाची मद्येही वापरली जातात. शिवाय जेवणाचे पदार्थ आधीच ठरलेले असल्यामुळे ऐन वेळी बदल करून मिळणे कठीण असते. त्यामुळे नोंदणी करतानाच दोन्ही गोष्टी लेखी कळवा. भोजनगृहाने असमर्थता दाखवली, तर मावशींसाठी त्या दिवशी साधा भात, फळे आणि सोबत नेलेले खाणे अशी वेगळी व्यवस्था ठेवा, आणि बाहेरचे खाणे आवारात आणलेले चालेल का, हेही त्याच पत्रात विचारा.