शार्लटहून जाऊन ख्रिसमसचं झाड स्वतः कापून आणायचंय. कोणतं, कुठून, गाडीवर कसं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. आम्ही शार्लटला (अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात) असतो. मुली दोन, थोरली दहा वर्षांची, धाकटी सहाची. धाकटीला वर्गात कुणीतरी सांगितलंय की खरं झाड शेतावर जाऊन आपल्या हातांनी कापायचं असतं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. यंदा सासू-सासरेही इथे आहेत (शिरोळकडचे, सासऱ्यांची उसाची शेती), त्यांनाही न्यायचंय.

शहराजवळच्या शेतावर जावं की डोंगरात? झाडाची जात कोणती घ्यावी? गाडी सात सीटची आहे, पण टपावर आडवे बार नाहीत आणि आत सहा माणसं, म्हणजे झाड वरच बांधावं लागणार. शिवाय सासूबाईंचं म्हणणं, "चांगलं वाढलेलं झाड चार दिवसांच्या हौसेसाठी का तोडायचं?" यावर मला धड उत्तर देता आलं नाही.

करवतकाकू

डोंगरातच जा. आम्ही हिकरीला राहतो, दर वर्षी वर जातो, म्हणून ठासून सांगते.

शार्लटच्या आसपासच्या शेतांवर लेलँड सायप्रस, व्हर्जिनिया पाइन, रेड सीडर असली झाडं येतात. ख्रिसमससाठी इथे लावतात त्या फ्रेजर फर जातीला खालचा उन्हाळा सोसत नाही, ते साधारण तीन हजार फुटांच्या वरचं झाड. खालच्या शेतावर 'फ्रेजर' अशी पाटी दिसली तर ती झाडं वरून कापून आणलेली असतात. वाईट नसतात, पण तुमच्या धाकटीच्या हातात करवत द्यायची तर काय उपयोग?

डोंगरातली ॲश काउंटी (म्हणजे जिल्हा) गाठा. आय-७७ महामार्गाने वर, मग ४२१, आणि विल्क्सबरोपासून १६ नंबरचा रस्ता. तो पुढे घाटातून चढतो, ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा. दोन तास धरून चाला.

फ्रेजरच घ्या म्हणते, कारण सुया लवकर गळत नाहीत, बोचत नाहीत, फांद्या ताठ असतात आणि फांद्यांमध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे लटकवायच्या वस्तू नीट लोंबतात. व्हाइट पाइन दिसायला मऊ, पण जरा जड गोळा अडकवला की फांदी खाली. ब्लू स्प्रूस रंगाला सुंदर, पण सजवताना मुलींचे हात ओरबाडून निघतील. फर आणि स्प्रूस ओळखायचं सोपं आहे: सुई चिमटीत धरून फिरवा. फिरली तर स्प्रूस. चपटी असेल, फिरत नसेल, तर फर. फ्रेजरच्या सुईच्या खालच्या बाजूला दोन रुपेरी रेघाही दिसतात.

निघायच्या आधी घरातली उंची टेपने मोजा आणि लिहून न्या. छत आठ फुटी असेल तर झाड सात फुटांच्या वर नको, खाली स्टँड आणि वर तारा असतो. रुंदीही मोजा, घरोघरी खरी भांडणं रुंदीवरूनच होतात. उघड्या उतारावर सगळीच झाडं लहान वाटतात. शेतावर मापाची काठी मिळते, ती वापरा, नवऱ्याच्या अंदाजावर जाऊ नका. दर बहुतेक फुटावर असतो. गेल्या वर्षी आम्हाला सात फुटी झाड ९० डॉलरला पडलं.

करवत शेतावर देतात, चेनसॉ सहसा चालत नाही. जमीन ओली असते, जुनी ताडपत्री आणि हातमोजे न्या. एकाने आडवं होऊन जमिनीलगत कापायचं, दुसऱ्याने झाड करवतीपासून दूर हलकंसं ओढून धरायचं, नाहीतर पातं अडकतं. धाकटीला सुरुवातीच्या चार घिसण्या मारू द्या, मग तीच कंटाळून पळेल. हाताला लागलेला चीक साबणाने निघत नाही. खोबरेल तेल चोळा, मग साबण.

कापल्यावर शेकरवर झाड थरथरवतात, सुकलेल्या सुया आणि किडे-बिडे तिथेच पडतात. मग बेलर, म्हणजे नळकांड्यातून ओढून जाळीत गुंडाळणारं यंत्र. पोरं तिथून हलत नाहीत.

टपावर आधी जुनी चादर. झाडाचा कापलेला बुंधा पुढे, शेंडा मागे, म्हणजे वाऱ्याने फांद्या उलट्या फिरत नाहीत. बार नसले तरी चालतं, दारं उघडी ठेवून दोर किंवा पट्टे गाडीच्या आतून फिरवा, मग दारं लावा. खिडक्यांमधून बांधलंत तर दारं उघडणार नाहीत आणि तुम्ही सहा जण खिडकीतून चढाल. शेतावर सुतळी फुकट मिळते, पण घाट उतरायचाय, स्वतःचे पट्टे न्या.

कोरडाविनोद

एवढा खटाटोप? आमचं प्लास्टिकचं झाड गॅरेजात असतं. नोव्हेंबरात खोक्यातून काढलं, छत्रीसारखं उघडलं, झालं. पाणी नाही, सुया नाहीत, घाट नाही.

करवतकाकू

घ्या की, कोण नको म्हणतंय. फक्त ती पोर प्लास्टिकला करवत लावू शकणार नाही.

सपाटीवरचा

काकू, एक मुद्दा पटला नाही. बरोबर म्हातारी माणसं आहेत. डोंगरात नोव्हेंबरअखेर वारा बोचतो, आणि उतारावर चालायचं असतं. घरात कुणाला दमा असेल तर लेलँड बघाच. वास जवळजवळ नाही, परागकण नाहीत, चीक कमी. अर्ध्या तासात पोहोचता, कापायलाही मिळतं. आमच्याकडे तेच येतं आणि पाणी नीट घातलं तर छान टिकतं.

करवतकाकू

दमा असेल तर तुमचंच ऐकावं. नसेल तर वासासाठीच तर जायचं. उताराचं म्हणाल तर बऱ्याच शेतांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून वर नेतात, आजी-आजोबांना तेवढं पुरे.

पाटीपेन्सिल

दमा नाही कुणाला. सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांचे प्रश्न वेगळेच: बुंधा खणून काढतात का, त्याच जागी परत लावतात का, आणि खोडवा (उसासारखं, कापलेल्या बुंध्यातूनच पुन्हा पीक) घेतात का? मी विचारते म्हटलं.

करवतकाकू

वा, तुमच्या सासऱ्यांनी बरोबर नाडी धरली.

बहुतेक जण बुंधा तसाच कुजू देतात आणि त्याच्या शेजारी नवं रोप लावतात, म्हणून एकाच रांगेत गुडघ्याएवढं आणि छताएवढं झाड शेजारी-शेजारी दिसतं. पण खोडवाही घेतात काही जण! सगळ्यात खालच्या जिवंत फांद्यांचा घेर ठेवून त्याच्या वर कापायचं, मग नवा कोंब वर निघतो, त्यातला एक सरळ ठेवून बाकीचे छाटायचे. मुळं जुनी असल्यामुळे वाढ लवकर होते. अशा शेतावर "इथून वर कापा" म्हणून आधीच सांगतात, तेवढं ऐका.

फरक एवढाच की उसाचं पीक बारा-अठरा महिन्यांचं, आणि इथे रोपवाटिकेपासून धरलं तर दहा-बारा वर्षं लागतात. शेंडा निमुळता आपोआप होत नाही, दर उन्हाळ्यात लांब सुऱ्याने प्रत्येक झाडाची छाटणी करतात. निचरा नसेल तर मूळकूज लागते आणि त्या जागी फ्रेजर पुन्हा धरत नाही. २००८च्या मंदीत मागणी पडली म्हणून लोकांनी लावणी कमी केली, त्याची टंचाई आठ-दहा वर्षांनी जाणवली. सासऱ्यांना हा हिशेब सांगा, त्यांना लगेच कळेल.

सासूबाईंनाही हेच सांगा. हे रानातलं झाड नाही, कापायसाठी लावलेलं पीक आहे. रानातला फ्रेजर माउंट मिचेलसारख्या मोजक्या उंच शिखरांवरच उरलाय, आणि त्याचा काळ माणसाची करवत नाही, युरोपातून आलेली एक बारीक कीड आहे. शेतावर गिऱ्हाईक आलं नाही तर तो माणूस पुढचं रोप लावणार नाही. २०२४ला हेलीन वादळाने या भागातले रस्ते आणि कित्येक शेतं वाहून नेली, आणि त्याच वर्षी व्हाइट हाऊसमधलं झाड जवळच्या एव्हरी काउंटीतून गेलं. इथल्या लोकांना त्याचं किती अप्रूप होतं!

घरी आणल्यावरचं सांगायचं राहिलं. स्टँडमध्ये घालण्याआधी बुंध्याची अर्ध्या ते एक इंचाची चकती कापून टाका, कारण वाटेत चीक सुकून तोंड बंद होतं. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून बाजूची साल तासू नका, पाणी सालीच्या लगतच्या थरातूनच चढतं. मोठा स्टँड घ्या. नुसतं साधं पाणी. साखर-ॲस्पिरिनच्या गोष्टी सोडून द्या. पहिल्या दिवशी चार लिटरपर्यंत पितं, दचकू नका. पाणी कापलेल्या टोकाच्या खाली गेलं की पुन्हा चीक धरतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ बघायचं काम थोरलीला द्या. हीटरच्या झोतापासून लांब ठेवा, झोपताना दिवे बंद.

पाटीपेन्सिल

काकू, खूप आभार. आणि नंतर टाकायचं कुठे?

करवतकाकू

दिवे, झिरमिळ्या, स्टँड, सगळं काढून घरासमोर ठेवा, शहराची गाडी नेते आणि त्याचा भुसा करतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. फायरप्लेसमध्ये तर अजिबात नको, सुया भडकन पेटतात.

आणि लवकर जा. काही शेतं थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरचा इथला सण) आधीच्याच शनिवारी उघडतात आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात "झाडं संपली" म्हणून फाटक लावून घेतात. निघण्याआधी फोन करा, आणि थोडी रोकड जवळ ठेवा. वर कार्डाचं मशीन कधी चालतं, कधी नाही.