मासळीचा वास, चिमटे काढणारी तार, सारखा पडणारा मेन : घरातल्या विजेचे तुमचे अनुभव सांगा

आमच्या घरात मासे शिजत नाहीत. तरी मागच्या महिन्यात तीन दिवस बाथरूमजवळच्या पॅसेजमध्ये मासळीसारखा वास. पहिला संशय अर्थातच खालच्या मजल्यावर. मग मोरीची जाळी, मग कचऱ्याचा डबा. शेवटी उंदीर मेला असेल म्हणून माळ्यावरचं सगळं सामान उपसलं. चौथ्या दिवशी सासूबाई गीझर लावायला गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, बटण ऊन लागतंय गं."

मेन बंद करून वायरमनने बोर्ड उघडला. सॉकेटच्या मागचा एक स्क्रू ढिला होता. त्याच्याजवळचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन पापडासारखं फुगलेलं, वायरवरचं आवरण बोट लावताच भुगा होऊन पडलं. मासळीचा वास तो होता.

माझा प्रश्न होता, मग एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, का पडला नाही? उत्तर साधं निघालं. दोन किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. एमसीबी १६ चा. ढिल्या स्क्रूमुळे करंट वाढत नाही, फक्त त्या एका जागी तापत राहतं. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल.

म्हणून हा धागा. शॉक, आग, जळालेली यंत्रं, काय झालं असेल ते लिहा. पण एवढं मात्र सांगा : आधी काही खूण दिसली होती का, आणि तिचं तुम्ही काय केलंत? आम्ही तीन दिवस उदबत्ती लावली.

डोंबिवली
आमची खूण म्हणजे आठवडाभर लुकलुकणारे दिवे. "आज व्होल्टेज नाहीये," असं एकमेकांना सांगून झालं. रविवारी संध्याकाळी देवघरातला पिवळा बल्ब एकदम पांढराफेक झाला, पंखा सुसाट. समोरच्या ब्लॉकमध्ये मात्र दिवे मिणमिणते. नवरा खूश, म्हणे आज फुल्ल व्होल्टेज! तेवढ्यात फ्रिजच्या मागून फट् असा आवाज. टीव्ही, राउटर, दोन चार्जर आणि वॉशिंग मशीनचं कार्ड, सगळं एका फटक्यात गेलं.

खाली मीटररूममध्ये न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरचा, जोड जळून सुटला होता. न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकाच माळेत ओवली जातात आणि दोन फेजमधले चारशे व्होल्ट आपापसांत वाटून घेतात. कुणाच्या वाट्याला तीनशेच्या वर, कुणाला शंभर. दिवे अचानक प्रखर झाले तर कारण शोधत बसू नका. आधी मेन पाडा, मग शेजाऱ्यांची दारं वाजवा, मग १९१२ ला फोन. आम्ही उलट क्रमाने केलं.

रत्नागिरीजवळचं गाव
हे लिहायला जड जातंय, पण लिहितो. मावशीकडे न्हाणी घरापासून दहा पावलांवर. तिथल्या दिव्याची वायर कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेवरूनच नेलेली, जागोजागी सुतळीने बांधलेली. पाऊस लागला की मावशी म्हणायची, "तार चिमटे काढते." उपाय काय, तर चप्पल घालून कपडे वाळत घालायचे.

आषाढातल्या एका सकाळी ओला टॉवेल टाकताना ती तारेला चिकटली. ओरडताही येईना, नुसता घुर्रर्र आवाज. काका धावले. हात लावणार तोच शेजारच्या बारावीतल्या मुलाने त्यांना मागून शर्टाला धरून खेचलं आणि स्वतः घरात पळाला, मेन खाली. मावशी मटकन बसली. तळहातावर तारेची रेघ आहे अजून. काकांनी नंतर कबूल केलं की अंगणातला बांबू उचलायचं त्यांच्या मनात आलं होतं. तो रात्रभर पावसात भिजलेला होता.

संध्याकाळच्या आत तार उतरवली. आता नायलॉनची दोरी आहे.

वायरमन, सातारा
वरच्या मुलाचं डोकं चाललं हे खरं. फक्त एक सांगतो. मेन पाडून वीज गेली कारण ती वायर घरातनं निघालेली होती. खांबावरनं मीटरला येणारी सर्व्हिस वायर तारेला लागली असती तर घरातला मेन पाडून काही उपयोग झाला नसता. तिथं कोरडं लाकूड, प्लॅस्टिकची खुर्ची अशा कशानं तरी माणूस सोडवायचा, तेही पायाखाली कोरडं असेल तरच. खांबावरनं तुटून पडलेल्या तारेला तर काठीही लावायची नाही, लांब राहून लाईनमनला कळवायचं.

आता माझी चूक सांगतो. एका घरी आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, सारखा पडायचा. मालक वैतागले, "सकाळी सकाळी पोरांच्या आंघोळी अडतात, हे काढून टाक." मी वायरचे दोन तुकडे घेतले आणि आरसीसीबी वगळून डायरेक्ट जोडून दिलं. दोनशे रुपये घेतले. घरी वडिलांना सांगितलं, तेही याच कामातले. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "आत्ता जा. कुलूप तोडून चावी हरवली म्हणून सांगणारा तू." रात्री साडेनऊला परत गेलो. गीझरचं एलिमेंट फुटलं होतं, पाण्यात करंट उतरत होता. आरसीसीबी बरोबर सांगत होता, आम्ही दोघं ऐकत नव्हतो.

फरक लक्षात ठेवा. एमसीबी वायर वाचवतो. माणूस वाचवायचा तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का एवढंच तो बघतो. कमी परत आला म्हणजे कुठून तरी जमिनीत जातोय, कदाचित तुमच्यातनं. त्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं. वीज चालू असताना दाबायचं, पडला पाहिजे. नाही पडला तर तो नुसता शोभेचा.

नागपूर, वसतिगृहाच्या आठवणी
प्लग नसलेली हीटरची वायर, दोन्ही टोकं सोलून सॉकेटच्या भोकांत, आणि वर काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या. सगळ्या मजल्यावर हीच पद्धत, काड्यांची पेटी खास त्यासाठी. पाणी तापलं का हे बघायला बादलीत बोट घालायचो, हीटर चालू असताना. खूण वगैरे काही नव्हती, आम्हीच खूण होतो. जिवंत कसे राहिलो हे विचारू नका.

सांगली
२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी फाटकापाशी आलं तेव्हा मेन पाडून, कागदपत्रं घेऊन बाहेर पडलो. शहाणपणा केला असं वाटलं. जिन्यावर पोचल्यावर आतून पी-पी-पी ऐकू आलं. इन्व्हर्टर! मेन बंद झाला म्हणजे लाईट गेली असं समजून तो इमानाने अर्ध्या घराला वीज देत होता. पाणी अजून बाहेरच होतं म्हणून परत जाऊन तोही बंद करता आला. आत शिरलं असतं तर पाऊलही टाकलं नसतं.

परतल्यावर सासऱ्यांना पंप लावून चिखल धुवायची घाई. प्लगपॉइंटमध्ये वरपर्यंत गाळ, एका डब्यातून तर गोगलगाय निघाली. वायरमन मेगर (वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र) लावून प्रत्येक लाईन तपासेपर्यंत आम्ही नऊ दिवस मेणबत्तीवर काढले. भिंत वरून कोरडी दिसते, आतला पाइप पाणी धरून असतो. कंबरेखालचे सगळे स्विच-सॉकेट फेकले. "पुसून घेतले की चालतील" म्हणणारे पुष्कळ भेटले.

नर्सिंगमध्ये आहे, नाशिक
सोडवल्यानंतरचं कुणी लिहिलं नाही म्हणून. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर एकाने १०८ किंवा ११२ लावायचा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर तरी खोल, दमलात तर माणूस बदलून. मातीत पुरणं, अंगाला राख चोळणं यात गेलेली मिनिटं मी पाहिली आहेत. आणि जोराचा शॉक बसून उठून बसलेल्या माणसालाही दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा. बाहेरून तळहातावर एक ठिपका असतो, आत काय झालंय ते दिसत नाही.

न्यू जर्सी
गंभीर काही नाही, पण फजिती ऐका. नवीन घरात पहिल्याच आठवड्यात ओट्यावरचं सॉकेट मेलं. पॅनेलमधले सगळे ब्रेकर बरोबर. दोन दिवस चहासाठी किटली हॉलमध्ये. मग शेजारीण आली, मागच्या भिंतीवरच्या सॉकेटवरचं इवलंसं बटण दाबलं, टक्, सगळं चालू. इथे नळाजवळच्या सॉकेटमध्येच तो गळती ओळखणारा प्रकार बसवलेला असतो आणि पाच मिलिअँपिअरच्या आसपासच तुटतो. एका सॉकेटच्या जिवावर पुढची तीन-चार असतात. मग आठवलं, आदल्या रात्री मी ओटा पुसताना पाणी आत गेलं होतं. म्हणजे खूण मीच दिली होती.

धागाकर्ती
सातारकरांचं वाचून उठले आणि आमच्या आरसीसीबीचं ते टी बटण दाबलं. मग जोरात दाबलं. मग नवऱ्याने दाबलं. पंखा फिरतोच आहे. वायरमन उद्या सकाळी नवीन घेऊन येतोय. तोवर सासूबाईंनी फर्मान काढलंय, आंघोळी गॅसवरच्या पाण्याने.